बंद पडलेली जुनी मोटारसायकल घरी कशी उभी करावी, आणि तिच्यात किती बदल करावेत

प्रश्न थोडक्यात असा: सत्तरच्या दशकातली, एका सिलिंडरची फोर-स्ट्रोक मोटारसायकल वीस वर्षं शेडमध्ये उभी आहे. किक खाली जात नाही. टाकी आतून गंजली आहे, वायरिंग उंदरांनी कुरतडलं आहे, पण जवळजवळ सगळे भाग जागेवर आहेत. ती घरीच दुरुस्त करायची आणि जमलं तर कॅफे रेसर, म्हणजे खाली हँडलची, रेसच्या गाडीसारखी गाडी, बनवायची. सुरुवात कुठून करावी, कोणती कामं स्वतः करावीत, कोणती बाहेर द्यावीत, आणि बदल कुठवर करावेत?

या सगळ्यात मला क्रम सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडी आधी आहे त्या रूपात सुरू करा. थोडी चालवा. मग सोडवा. कापाकापी अगदी शेवटी. घरी हाती घेतलेल्या गाड्या अर्धवट राहतात त्या बहुतेक वेळा हातात कसब नाही म्हणून राहत नाहीत. पहिल्या उत्साहात गाडी पार सुटी केली जाते, भाग खोक्यांत जातात, आणि काही महिन्यांनी कुठला वॉशर कुठला होता हे कुणालाच आठवत नाही. शिवाय चालती गाडी स्वतःबद्दल खूप काही सांगते. कोणता गिअर निसटतो, धूर निळा येतो की काळा, हँडल एका बाजूला ओढतं का, क्लच गरम झाल्यावर घसरतो का. हे कळायच्या आत ती सोडली, तर चकचकीत रंग देऊन जोडलेली गाडी दुसऱ्या गिअरसाठी पुन्हा उघडावी लागते. नव्या रंगावर पाना घसरतो तेव्हा काय वाटतं ते त्यातून गेलेल्यालाच ठाऊक.

पाना हातात घेण्याआधी तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग मिळवा. मॅन्युअलमध्ये मापं असतात. कॅटलॉगमध्ये प्रत्येक जोडणीचं सुटं करून काढलेलं चित्र असतं, आणि जोडताना खरा उपयोग त्या चित्राचाच होतो. मग गाडीचे फोटो काढा, मुख्यतः केबल कुठून कशी गेली आहे आणि कुठली वायर कुठल्या बाजूने वळली आहे याचे. टाकी चढवल्यावर केबल दबते, क्लच जड होतो आणि दोष क्लच प्लेटवर जातो, हे फार वेळा होतं.

हत्यारांबद्दल एकच गोष्ट, पण ती नीट लक्षात घ्या: तुमच्या गाडीचे आटे कोणत्या मापाचे आहेत ते आधी शोधा. जुन्या जपानी गाड्यांवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की ते वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला की इंजिनच्या बाजूची झाकणं शांतपणे निघतात. ब्रिटिश गाड्यांवर साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेड या जुन्या ब्रिटिश मापांचे बोल्ट सर्रास होते, नंतर हळूहळू यूएनएफ, म्हणजे इंचातल्या मापाचे बारीक आटे, आले. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो, डोक्याची रुंदी नव्हे. म्हणून मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावू नका. जवळपास बसणारा पाना नटाचे कोपरे गोल करतो आणि मग छिन्नी घेऊन बसावं लागतं.

आता जाम इंजिन. किक दबत नाही म्हणजे पिस्टनच अडकलाय असं धरून चालू नका. गाडी न्यूट्रलला घ्या, प्लग काढा, आल्टरनेटरच्या बाजूचं झाकण उघडा आणि क्रँकच्या टोकाच्या नटावर पाना लावून हलक्या हाताने हलवून पाहा. क्रँक हलला तर दोष किकच्या यंत्रणेत आहे आणि तुमचं अर्धं काम वाचलं. नाही हलला तर टॅपेटची झाकणं काढून व्हॉल्व्ह बघा. उघड्या अवस्थेत उभा राहिलेला व्हॉल्व्ह गंजून गाइडमध्ये अडकतो. त्याच वेळी जोर लावून पिस्टन वर आणला तर तो व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो. म्हणून व्हॉल्व्ह मोकळे आहेत याची खात्री झाल्याशिवाय क्रँकवर जोर नको.

पिस्टन खरंच अडकला असेल तर प्लगच्या भोकातून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळूनही चांगलं काम होतं. मात्र अ‍ॅसिटोन रंग आणि रबर खातं, चटकन पेटतं, म्हणून मोकळ्या हवेत आणि बेताने. ऑइल पिस्टनच्या कडेने झिरपू द्या. खाली गेलं की पुन्हा भरा. याला दिवस लागतात, कधी आठवडेही, आणि इथे घाई करणारा हमखास काहीतरी मोडतो. अ‍ॅसिटोन घातलं नसेल तर अधूनमधून सिलिंडरला बाहेरून हीट गनने ऊब द्या. सिलिंडर, त्याच्या आतली लोखंडी बाही (स्लीव्ह) आणि पिस्टन एकाच प्रमाणात फुगत नाहीत, आणि त्या फरकाने गंजाची पकड सैल होते. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक पुढे-मागे झुलवा. टॉप गिअरमध्ये चाकाचा जोर क्रँकपर्यंत सर्वांत जास्त पोहोचतो, म्हणून हात हलका ठेवा. किकवर उभं राहून उड्या मारू नका, किकचा दात किंवा शाफ्ट तुटतो. ज्या क्षणी पिस्टन केसभर हलतो तो क्षण हाताला कळतो. चाकात एक मऊपणा येतो. तिथे थांबा, आणखी ऑइल घाला, आणि उरलेलं अंतर दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा.

सुटलेलं इंजिन लगेच सुरू करू नका. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून सिलिंडरची भिंत पाहा. रिंग जिथे थांबल्या होत्या तिथे गंजाची रेघ असते. ती नुसता डाग असेल तर चालेल. खड्डे दिसले तर हेड आणि सिलिंडर उघडा, मात्र बाकी गाडी जोडलेलीच राहू द्या. उघडल्यावर नखाला लागेल इतका खड्डा असेल तर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालावाच लागतो. खड्डे नसतील तर कम्प्रेशन मोजा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून मोजायचं, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा.

ऑइल बदलणं सगळ्यांना सुचतं, पण जुनं ऑइल कुठे कुठे साचतं ते सगळ्यांना माहीत नसतं. ज्या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी असते, म्हणजे ड्राय संप, तिथे गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. तसंच सुरू केलं तर आत दाब वाढून सीलमधून ऑइल बाहेर येतं आणि धुराचे लोट उठतात. आधी क्रँककेसचा ड्रेन उघडून ते काढा. अनेक जुन्या इंजिनांच्या, मुख्यतः ब्रिटिश ट्विनच्या (दोन सिलिंडरच्या इंजिनांच्या), क्रँकमध्ये स्लज ट्रॅप, म्हणजे मळ साचायची पोकळी, असते. फिरत्या क्रँकच्या जोराने ऑइलमधला मळ त्यात जाऊन बसतो. ती भरली की बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाला, ऑइल मिळेनासं होतं. इंजिन पूर्ण उघडलंत आणि ही पोकळी साफ न करता बंद केलीत तर बाकीची सगळी मेहनत धोक्यात घातलीत असं समजा.

हे वाचणाऱ्या कुणाची गाडी टू-स्ट्रोक असेल तर त्यांचा पहिला संशय क्रँकच्या सीलवर असावा. वर्षं उभी राहिल्यावर रबर कडक होतं, सीलमधून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी छान पळत असतानाच पिस्टन धरतो. इनटेकचं आणि सायलेन्सर इंजिनला जिथे जोडतो ते तोंड बंद करून साधारण 0.4 बार दाब भरा आणि तो काही मिनिटं टिकतो का बघा. टिकला नाही तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. कार्बोरेटरशी खेळत बसण्याआधी हे करा.

टाकी आतून साफ करायला सायट्रिक अ‍ॅसिड पुरेसं आहे, लिटरभर पाण्याला 50 ते 100 ग्रॅम. टाकी काठोकाठ भरा, अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. रोज बघत राहा, धातू राखाडी दिसला की ओता, सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा आणि लगेच कोरडी करा. हे ‘लगेच’ अक्षरशः घ्या. उघड्या पडलेल्या लोखंडावर बघता बघता तांबूस छटा येते. शेवटची धुणी अल्कोहोलची द्या आणि आतून पातळ ऑइल फिरवा. वॉशिंग सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून इलेक्ट्रोलिसिसही करता येतं. त्यात हायड्रोजन सुटतो, तेव्हा खोली बंद नको, ठिणगी नको. आणि अ‍ॅनोड साध्या लोखंडाचा घ्या. स्टेनलेस घातला तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तयार होतं आणि ते विषारी आहे. टाकीला भोक निघालं तर घरी वेल्डिंग अजिबात नको. वर्षानुवर्षं रिकामी असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ शिल्लक असू शकते. आतून लावायच्या लायनरबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. नीट साफ न केलेल्या धातूवर तो धरत नाही, काही वर्षांनी पापुद्रे सुटतात आणि थेट जेटमध्ये जातात. जुन्या प्रकारचे काही लायनर तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मऊ पडतात. फायबरग्लासच्या जुन्या टाक्यांनाही तोच धोका आहे.

कार्बोरेटर उघडल्यावर लोक मेन जेटमधून उजेड दिसतो का ते बघतात आणि समाधानी होतात. अडचण असते पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद वेगाला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटमध्ये. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान असू शकतं, आणि जुन्या पेट्रोलचा तपकिरी राळेसारखा थर ते पहिल्यांदा बंद करतो. गाडी चोकवर सुरू होते, चोक काढला की मरते. हे लक्षण दिसलं की पायलटच. जेट काढून क्लीनरमध्ये भिजवा आणि वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घेऊन हलकेच आरपार करा. स्टीलची सुई किंवा ड्रिल घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालेलं डोळ्यांना दिसतही नाही. मग कार्बोरेटरच्या अंगातल्या वाटा: पायलट स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागतात ते मोजून लिहा, मग काढा, आणि त्या भोकातून क्लीनर फवारून तो व्हेंच्युरीच्या (हवा जाते त्या मुख्य नळीच्या) बाजूला बारीक छिद्रातून बाहेर येतो का पाहा. डायफ्रॅम आणि ओ-रिंग आधीच बाजूला ठेवलेल्या असाव्यात, क्लीनर रबराला सोसत नाही. बसवताना फ्लँजचे नट बेताने आवळा. हे ओतकाम नरम असतं, जास्त आवळलं की फ्लँज वाकतो, हवा ओढतो, आणि तुम्ही पुन्हा जेट साफ करत बसता.

ठिणगीचं काम सोपं आहे. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन संपर्क, बारीक कानसेने किंवा पॉलिश पेपरने घासा, मग कोऱ्या कागदाची पट्टी त्यात ओढून धूळ काढा. अंतर बहुतेक गाड्यांना 0.35 ते 0.40 मिमीच्या आसपास असतं, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. अंतर बदललं की टायमिंग बदलतं, म्हणून आधी अंतर, नंतर टायमिंग. कंडेन्सर इतका जुना असेल तर बिनदिक्कत नवा घाला. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्रेमला जोडलेला असतो हे विसरून उलटी जोडली तर रेक्टिफायर जातो.

गाडी सुरू झाली की चालवण्याआधी ब्रेक आणि टायर. हे दोन्ही ‘सध्या चालेल’ या सदरात कधीच येत नाहीत. टायरवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर 2000 सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही शिल्लक असो, तो उतरवा. ट्यूब आणि रिमची पट्टीही बदला. ड्रम उघडताना आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. डिस्क ब्रेक असेल तर रबरी होज, कॅलिपरची सील आणि फ्लुइड सगळं नवं. वीस वर्षांचा होज बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून सुजून बंद झालेला असू शकतो. त्यामुळे ब्रेक लागतो, पण सुटत नाही.

यानंतर काही दिवस गाडी घराजवळच चालवा आणि जे जाणवेल ते वहीत लिहा. ही वहीच तुमच्या खऱ्या कामाची यादी आहे.

आता सोडवा. प्रत्येक जोडणीचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि जिथे शक्य असेल तिथे बोल्ट हाताने त्याच भोकात परत अडकवून ठेवा. इंजिनच्या झाकणांचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या त्या जागी भोक पाडून स्क्रू खोचून ठेवला की गोंधळच होत नाही. बेअरिंग काढायला हातोडी शेवटी. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून केस ओव्हनमध्ये 100 अंश सेल्सियसच्या आसपास तापवली की बेअरिंग बऱ्याचदा नुसत्या हलक्या टकटकीने पडतं. नवं बेअरिंग बसवताना ते फ्रीझरमध्ये थंड करा आणि केस गरम ठेवा. अ‍ॅल्युमिनियममधले आटे मेले असतील तर मोठ्या मापाचा बोल्ट ठोकू नका. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घाला, मूळ आट्यांपेक्षा ती पक्की बसते.

बाहेर काय द्यावं? बोअरिंग, प्रेस करून जोडलेला क्रँक उघडणं आणि पुन्हा सरळ बसवणं, व्हॉल्व्ह सीट कापणं, प्लेटिंग, आणि फ्रेमचं कुठलंही वेल्डिंग. उरलेलं जवळजवळ सगळं घरी होतं. चाकाचे स्पोक भरून रिम सरळ करणंसुद्धा, डायल गेज आणि भरपूर संयम असेल तर. लेथवाल्याकडे सिलिंडर देताना पिस्टन सोबत द्या, नुसतं माप सांगू नका. बोअर त्या विशिष्ट पिस्टनला जुळवायची असते. परत आल्यावर रिंग सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने ढकलून सरळ करून, तोंडातली फट फिलर गेजने मोजा. मॅन्युअलमध्ये माप नसेल तर 25 मिमी बोअरला 0.1 मिमी हा चालणारा ठोकताळा आहे.

ब्लास्टिंगबद्दल, म्हणजे दाबाने कण मारून भाग साफ करण्याबद्दल, सावध करतो, कारण इथे चांगली इंजिनं जातात. वाळूचा किंवा काचेच्या मण्यांचा कण ऑइलच्या वाटेत अडकून राहतो, धुऊनही निघत नाही, आणि इंजिन गरम झाल्यावर सुटून बेअरिंगमध्ये जातो. इंजिनच्या भागांना शक्यतो पाण्यातलं व्हेपर ब्लास्टिंग करून घ्या. प्रत्येक भोक बंद करून द्या, आणि आल्यावर प्रत्येक वाट ब्रश आणि गरम साबणाच्या पाण्याने स्वतः धुवा. पांढऱ्या फडक्याला डाग लागायचा थांबेपर्यंत. पावडर कोटिंगला फ्रेम देताना आटे, बेअरिंगच्या जागा आणि अर्थिंगचे बिंदू झाकायला सांगा. क्रोम किंवा झिंक करताना अ‍ॅक्सल, ब्रेकचे बोल्ट, स्प्रिंग असे कणखर स्टीलचे भाग साध्या प्लेटिंगवाल्याला देऊ नका. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि ते ठिसूळ होतं. नंतर काही तास भट्टीत भाजून हा दोष काढता येतो, पण ते करणारा माणूस खात्रीचा हवा.

रंग घरी देता येतो. लांबी (पुट्टी) पातळ लावा, प्रायमर ओल्या पेपरने घासा, आणि प्रत्येक थर वाळायला दिलेला वेळ कमी करू नका. टू-पॅक रंग आणि क्लिअर पेट्रोलला टिकतात हे खरं, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो. साधा फिल्टरचा मास्क यासाठी भरवशाचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा लागतो. ती सोय नसेल तर टाकी तेवढी रंगवायला द्या. जुना रंग घासताना ओला घासा, त्यात शिसं असू शकतं. आणि मूळ रंग, मूळ पट्टे जरी फिके पडले असले तरी शाबूत असतील, तर तुम्ही तो घासण्याआधी थोडं थांबा. नुसतं पॉलिश आणि मेण लावून बघा. कारखान्याचा मूळ रंग अंगावर असलेल्या गाड्या दरवर्षी कमी होत चालल्या आहेत, आणि त्या कमी करण्यात आपला हात नसावा असं मला मनापासून वाटतं.

वायरिंग उंदरांनी खाल्लंय म्हणताय, तर जोड देत बसू नका, पूर्ण हार्नेस नवा करा. एका सिलिंडरच्या गाडीचं वायरिंग एका पानावर मावतं. रंग मूळ आकृतीतलेच ठेवा, पुढे कुणालाही दोष शोधता येईल. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, जुन्या कित्येक गाड्यांत तो नसतो किंवा एकच असतो. प्रत्येक दिव्याला फ्रेमवर विसंबून न राहता स्वतंत्र अर्थची वायर द्या. दिवे मंद लागणं, इंडिकेटरबरोबर मागचा दिवा लुकलुकणं, यामागे बहुतेकदा अर्थच असतो, आणि नव्या कोटिंगनंतर तर तो हमखास तुटतो. दिवा चालू ठेवून बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून दिव्याच्या बॉडीपर्यंत व्होल्टेज मोजा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड साफ करा. टोकं चांगल्या क्रिम्परने दाबा, सोल्डर नको. सोल्डरच्या कडेला तार ताठ होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते.

आता कॅफे रेसर. हा प्रकार 1950 आणि 60 च्या दशकांत ब्रिटनमध्ये घडला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांनी आपल्या रोजच्या गाड्या रेसच्या गाड्यांसारख्या केल्या. त्यातली सर्वांत नावाजलेली ट्रायटन: नॉर्टनची फेदरबेड फ्रेम आणि त्यात ट्रायम्फचं ट्विन इंजिन. फ्रेम चांगली वळते आणि इंजिन चांगलं पळतं, म्हणून दोन्ही एकत्र. खाली हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट, लांब टाकी, हे सगळं गाडी जोरात आणि सरळ पळावी यासाठी होतं. आज होणाऱ्या बऱ्याच बदलांत हे उलटं झालेलं दिसतं. मागची फ्रेम कापतात, सीटची फळी करतात, मडगार्ड काढतात, जाड चौकोनी नक्षीचे टायर चढवतात, आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते. फोटोत छान, वळणावर भीतीदायक. प्रत्येक बदलाआधी स्वतःला विचारा की यामुळे गाडी चांगली थांबेल, वळेल की टिकेल. उत्तर फक्त ‘चांगली दिसेल’ असेल तरी करा, गाडी तुमची आहे. पण मग तो बदल पाना लावून परत काढता येण्यासारखा ठेवा.

म्हणजे काय, ते सांगतो. हँडल बदललं तर मूळ हँडल कापडात गुंडाळून ठेवा. सीट मूळ बिजागरीवर आणि मूळ बोल्टवर बसेल अशी बनवा. मागचं टोक आखूड हवं असेल तर फ्रेम कापण्याऐवजी मडगार्ड आणि सीट आखूड करा. दिसण्यात फारसा फरक पडत नाही आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरच्या वरच्या टोकाला धक्का लागत नाही. तो भाग चाकाचा सगळा भार झेलतो. ग्राइंडर लावायचाच असेल, तर शॉक माउंटच्या मागे लावा आणि उघडी टोकं जोडणारी आडवी नळी जाणकाराकडून वेल्ड करून घ्या.

क्लिप-ऑन हँडल, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना थेट आवळलेले दोन तुकडे, लावलं की पूर्ण वळवून बघा, अंगठा टाकीला लागतो का, केबल ताणते का. फूटरेस्ट मागे नेले नाहीत तर सगळं वजन मनगटांवर येतं. पुढचा फोर्क वर सरकवून नाक खाली आणलं, किंवा मागे लांब शॉक घातले, तर स्टिअरिंग हेडचा कोन उभा होतो आणि ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून टायर टेकतो तिथवरचं अंतर, कमी होतं. गाडी चटकन वळते, पण वेगात हँडल थरथरू शकतं. एका वेळी थोडंच बदला आणि चालवून बघा.

सर्वांत जास्त डोकेदुखी देणारा बदल म्हणजे एअर बॉक्स काढून कोनासारखे फिल्टर लावणं. व्हॅक्यूमवर चालणारा सीव्ही कार्बोरेटर असेल तर एअर बॉक्समधली शांत हवा त्याच्या हिशेबातच धरलेली असते. ती गेली की मधल्या वेगात गाडी अडखळते, आणि नुसता मोठा मेन जेट घालून ते जात नाही. सुई, पायलट आणि स्लाइडचं भोक सगळं जुळवावं लागतं. माझा सल्ला विचाराल तर एअर बॉक्स राहू द्या. सायलेन्सरवर गुंडाळायची पट्टीही नको, ती ओलावा धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत गंजतो.

चांगले बदल दिसत नाहीत. नव्या मापाच्या फोर्क स्प्रिंग, स्टिअरिंग हेडला टेपर रोलर बेअरिंग, ड्रमच्या गोलाईला घासून जुळवलेले ब्रेक शू, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले. यांनी जुनी गाडी रोज चालवण्याजोगी होते. पैसे आणि वेळ मोजका असेल तर तो आधी इथे घाला. फ्रेम आणि इंजिनचे नंबर घासू किंवा जाड रंगाखाली बुजवू नका, आणि फ्रेम, दिवे किंवा मडगार्डला हात लावण्याआधी तुमच्याकडचा नोंदणीचा नियम काय म्हणतो ते बघून घ्या.

जोडल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून आधी किकने ऑइल फिरवा, रॉकरपर्यंत पोहोचलं याची खात्री करा. सुरू झाल्यावर जागेवर उभी ठेवून घोंगावत ठेवू नका. नव्या रिंग होनिंगच्या (सिलिंडर घासून काढलेल्या) रेघांवर बसायला थोडा भार लागतो, तेव्हा तिला रस्त्यावर न्या, वेग वरखाली करत चालवा, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर टाळा. पहिल्या फेरीनंतर पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, मग टॅपेट. स्पोक एकेक करून पान्याने हलकेच वाजवा, ज्याचा आवाज बोदा येईल तो आवळा. पहिलं ऑइल 500 किलोमीटरच्या आतच काढा आणि गाळणीतून ओता. बारीक चंदेरी चमक दिसली तर ती नव्या रिंगची झीज. पितळी कण किंवा तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नका, इंजिन उघडा.